दावणीचा हिशेब

खरसुंडीच्या बाजारात जनावराचा भाव बोटांवर ठरतो. पौषातली सिद्धनाथाची यात्रा, अंगाला झोंबणारा वारा, आणि नजर जाईल तिथवर खिल्लारांच्या पांढऱ्या पाठी व मागे वळलेली शिंगं. दलाल मालकाचा हात हातात घेतो, दोन्ही हातांवर टॉवेल टाकतो आणि आत बोटं बोलायला लागतात. बाहेरच्याला दिसतात ते फक्त चेहरे. मालक मान हलवतो, दलाल टॉवेल झटकतो, दुसऱ्याकडे जातो, पुन्हा येतो. लहानपणी आजोबांबरोबर मी तिथं तासभर उभा होतो. आमचा बैल गेला, पण केवढ्याला गेला ते मला कळलं नाही. घरी आल्यावर आजीनं विचारलं, तर आजोबा एवढंच म्हणाले, "बरा गेला." हा आकडा घरातसुद्धा टॉवेलाखालीच राहिला.

आता शर्यतीचा बैल विकला जातो तेव्हा आकडा बैलाच्या आधी गावात पोचतो. मोबाइलवर रील फिरतं. नव्या मालकाचं नाव, बैलाचं नाव, खाली लाखांचा आकडा आणि मागं हलगी. बैल टेम्पोतून उतरायच्या आत फ्लेक्स लागलेला असतो. आकडा खरा असेलच असं नाही. बोलायचा आकडा वेगळा आणि द्यायचा वेगळा, हे विट्यापासून वडूजपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी चर्चा व्हायची ती बोलायच्या आकड्यावरच होते. आणि होते म्हणजे अशी होते की एस.टी. चुकली तरी माणूस उठत नाही.

त्या चर्चेसाठीच मी गेल्या हंगामात खटाव, माण, खानापूर, आटपाडी असा फिरलो. कुठला बैल जोरात आहे हे मला शोधायचं नव्हतं. ते सांगणारे गल्लोगल्ली आहेत. मला मालकाविषयी ऐकायचं होतं. सातारा-सांगलीतला शौकीन बैलाबद्दल जेवढं बोलतो, त्याहून जास्त बैलाच्या मालकाबद्दल बोलतो. त्यानं बैल का घेतला, का विकला, पैरा कुणाशी केला, आणि हा माणूस टिकणारा आहे की दोन हंगामांचा पाहुणा.

आधी खेळ सांगतो, कारण पुणे जिल्ह्याच्या वाचकाच्या डोळ्यासमोर वेगळं चित्र येईल. जुन्नर-आंबेगाव-खेडकडचा बैलगाडा घाटात पळतो. पुढं घोडी, मागं चार बैल, गाड्यावर माणूस नाही, आणि बारी किती सेकंदांत बसली यावर निकाल. आमच्याकडं सपाट माळ लागतो. शेजारी शेजारी आखलेल्या चाकोऱ्या, प्रत्येक चाकोरीत हलका छकडा, छकड्याला दोन बैल आणि वर ड्रायव्हर. झेंडा पडला की सहा-सात गाड्या एकाच वेळी सुटतात. आधी गट, मग सेमी, मग फायनल. गटातून निघालेल्या गाडीला त्याच दिवशी आणखी दोनदा पळायचं असतं. एक पळ काही सेकंदांचा. त्यासाठी माणसं पहाटे चारला घर सोडतात आणि संध्याकाळी धुळीनं पांढरी होऊन परततात.

वयाचे शब्दही इथले वेगळे. दुधाचे दात असलेला तो आदत, दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा. काही मैदानांत 'एक आदत, एक बैल' अशी अट असते, म्हणजे अनुभवी बैलाच्या बाजूला पोरगा जुंपायचा. आदतीचे डाव बघायला जाणकार जास्त येतात, कारण पुढच्या तीन वर्षांत कुणाची दावण वर येणार ते तिथं दिसतं.

आणि पैरा. हा शब्द शर्यतीनं शेतीतून उचलला. ज्याच्याकडं एकच बैल, तो शेजाऱ्याच्या एका बैलाशी जोडी जमवून दोघांचीही रानं नांगरायचा. आमच्या घरी कित्येक वर्षं असाच पैरा होता. आमचा बैल डावीकडं, शेजारच्या तात्यांचा उजवीकडं, आणि दोन घरांत भांडण झालं तरी पेरणीपर्यंत मिटवावंच लागायचं. शर्यतीत आज तोच शब्द चालतो. दोन मालकांचे दोन बैल एका जूखाली येतात, बक्षीस वाटून घेतात आणि संध्याकाळी दोन टेम्पो दोन दिशांना जातात. त्यामुळं पन्नास एकरांच्या बागायतदाराचा बैल आणि दोन एकर कोरडवाहूवाल्याचा बैल एकत्र पळू शकतात. या खेळात पैसेवाल्यालाही दुसऱ्याच्या गोठ्याची गरज लागते. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि वादाची निम्मी सुरुवात इथूनच होते.

विट्याच्या स्टँडजवळ चहा पिताना ऐकलेला वाद असा. कुणीतरी नुकताच एक गाजलेला बैल घेतला होता. पांढऱ्या टोपीतले एक आप्पा म्हणत होते, "बैल घ्याला पैसा लागतुय. बैल कराय जलम लागतुय." समोरचा पंचविशीतला पोरगा, हातात मोबाइल, म्हणाला, "आप्पा, जलम घालवून तुमी किती गुलाल घेतला?" सगळे हसले. आप्पाही हसले. पण पोराचा मुद्दा खोटा नव्हता. ज्याला फायनल मारायची आहे त्यानं वासरू वाढवत चार वर्षं कुठं बसायचं? वासरू पळेलच याची खात्री नाही. दहा वाढवावीत तेव्हा एखादं निघतं, आणि ते निघेपर्यंत नऊंचा कडबा आपल्याच घरातून जातो. तयार बैल घेणाऱ्यानं तो धोका पैशानं दुसऱ्यावर टाकला, यात पाप काय?

आप्पांच्या बाजूनं बोलणारे कमी नव्हते. त्यांचं म्हणणं असं की, तयार बैल घेणाऱ्याला बैल कळत नाही, निकाल कळतो. चार मैदानं मारली की त्याला पाचवं हवं असतं. बैल दमलाय हे गोठ्यातला गडी सांगतो, पण मालकाला पुढच्या रविवारचं आमंत्रण आलेलं असतं, वर एखाद्या नेत्याच्या वाढदिवसाचं मैदान, नाही कसं म्हणायचं? मग बैल पायात बसतो. पायात बसलेला बैल उठायला वर्ष घेतो, तोवर मालकाचं मन दुसऱ्या बैलावर गेलेलं असतं. वासरू वाढवणारा मात्र मैदान सोडतो. दोन महिने बैल दिसला नाही की लोक म्हणतात संपला. तिसऱ्या महिन्यात तो ताजा होऊन येतो.

पोरगा त्यावर म्हणाला की, घरचं वासरू वाढवणारेही पहिला गिऱ्हाईक आला की विकतात. हाही मुद्दा खोटा नव्हता. आदतीला चमकलेला खोंड चौसा होईपर्यंत त्याच दावणीला दिसला, असं क्वचित घडतं. गरिबाला लाख-दोन लाख समोर दिसले की तो पोरीचं लग्न बघतो, विहिरीची मोटार बघतो. त्याला 'बैल जपला नाही' म्हणणं सोपं आहे. आपण चहाच्या टपरीवर बसून म्हणतोय.

पैसा कुठून आला आणि किती आला, हे समजायला बैलांची नावं बघावीत. आजोबांच्या वेळी सर्जा, राजा, लक्ष्या, फार तर पाखऱ्या. आज सर्जा आहेच, लखन आहे. पण बकासूर आहे, महिब्या आहे, हेलिकॉप्टर बैजा आहे आणि ब्रेकफेलही आहे. बक्षिसंही तशीच बदलली. पूर्वी ढाल, फेटा, फार तर पितळी घागर. दोन वेळा महाराष्ट्र केसरी झालेले पैलवान चंद्रहार पाटील यांनी २०२३ मध्ये खानापूर तालुक्यातल्या भाळवणीत 'रुस्तुम-ए-हिंद' नावाचं मैदान भरवलं तेव्हा पहिलं बक्षीस थार गाडी होतं, आणि ते बकासूर-महिब्याच्या जोडीनं नेलं. त्याच आयोजकांनी २०२५ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावात मैदान भरवलं तेव्हा बक्षीस फॉर्च्युनरवर गेलं. 'हिंदकेसरी', 'रुस्तुम' हे किताब आले कुस्तीतून, बक्षीस आलं शोरूममधून, आणि मध्ये बैल.

कुस्तीचं नाव निघालंच आहे, तर एक आडवळण. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. त्या प्रवासासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. पैलवान कुणी 'घेतला' नव्हता. पदक आलं तेव्हा त्यावर कुणाची मालकीही नव्हती. पैसा लावणं आणि मालक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या भागाला तेव्हाही माहीत होतं. बैलाच्या बाबतीत ते जमत नाही, कारण बैल दावणीला बांधावाच लागतो आणि दावण कुणाची तरी असते.

कराडला विद्यानगरात उतरलो ते एका भाच्याला भेटायला. हॉस्टेलची पोरं, रविवारची सकाळ, रात्रभर इंग्लंडातला फुटबॉल बघून डोळे तांबारलेले. टपरीवर वाद चालला होता. एक पोरगा मँचेस्टर युनायटेडच्या लाल जर्सीत, दुसरा चेल्सीच्या निळ्या. मी कान दिला आणि मला हसू आवरेना. आप्पांचं आणि त्या मोबाइलवाल्या पोराचं भांडण इथं दुसऱ्या कपड्यांत चाललं होतं.

युनायटेडवाल्याची तक्रार ग्लेझर कुटुंबावर. त्यांनी २००५ साली क्लब घेतला तो मोठ्या प्रमाणात कर्ज काढून, आणि ते कर्ज चढवलं क्लबच्याच डोक्यावर. म्हणजे बैल घेतला बैलावरच उचल घेऊन, आणि बैलानं पळून हप्ते फेडायचे. नंतर खेळाडूंवर कोट्यवधी पौंड खर्च झाले, नाही असं नाही. पण मैदानाचं छत गळत राहिलं. २०१० च्या सुमाराला तिथल्या प्रेक्षकांनी निषेध म्हणून लाल सोडून हिरवे-पिवळे मफलर गळ्यात घातले. क्लबचं मूळ नाव न्यूटन हीथ होतं, त्या वेळचे ते रंग. काहींनी तर २००५ मध्येच बाहेर पडून स्वतःचा छोटा क्लब काढला. हे ऐकून मी त्या पोराला विचारलं, "तू कधी गेलायस का रे तिकडं?" म्हणाला, "नाही मामा, पुण्याच्या पुढं नाही गेलो." पण छत गळतंय याचं दुःख त्याच्या तोंडावर खरं होतं.

चेल्सीवाल्याची तऱ्हा निराळी. त्याच्या क्लबची मालकी २०२२ मध्ये बदलली आणि नव्या मालकांनी खेळाडूंची अशी खरेदी लावली की बघणाऱ्यानं थक्क व्हावं. खेळाडूंना सात-सात, आठ-आठ वर्षांचे करार दिले, कारण किंमत तेवढ्या वर्षांत वाटून दाखवता येते आणि वार्षिक हिशेबात ती छोटी दिसते. शेवटी युरोपच्या फुटबॉल संघटनेला नियम करावा लागला की वाटणी पाच वर्षांपलीकडं धरणार नाही. चेल्सीवाला हे अभिमानानं सांगत होता. आमचा मालक डोकं चालवतो म्हणे. मी त्याला म्हटलं, आमच्याकडं बैलाचा हिशेब कुणी आठ वर्षांत वाटत नाही, कारण आठ वर्षं तो पळणारच नाही. पोरगा विचारात पडला. त्याचं गाव माण तालुक्यात निघालं. घरी दोन खिल्लार गाई होत्या, आणि त्यांतल्या एकीला खोंड झाला की काय करणार हे त्याला सांगता येईना.

या पोरांना लांबच्या मालकाचं इतकं का पडलंय, असं कुणी म्हणेल. त्याचं उत्तर जवळच आहे. जवळ धरावा असा क्लब महाराष्ट्रात टिकला किती? महिंद्रा युनायटेड १९६२ पासून होता, राष्ट्रीय लीग जिंकलेला. कंपनीनं २०१० मध्ये तो बंद केला. पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, आणि पुढं दोन-तीन वर्षांत विषय संपला. डीएसके शिवाजीयन्स २०१५-१६ मध्ये थेट आय-लीगमध्ये आला आणि २०१७ मध्ये गुंडाळला गेला. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१४ ला सुरू झाला. २०१९ ला त्याची जागा हैदराबादकडं गेली. बालेवाडीच्या मैदानावर साताऱ्याहून गाडी करून जाणारी पोरं मला माहीत आहेत. त्यांनी दहा वर्षांच्या आत एकामागून एक जर्सी कपाटात ठेवल्या. यातल्या कुठल्याही क्लबला खेळाडू घ्यायला पैसे नव्हते म्हणून तो बंद पडला असं नाही. मालकाचं मन उडालं, किंवा मालकाचा मूळ धंदा हलला. ज्याचा दुसरा धंदा मोठा, त्याचा नाद त्या धंद्याच्या तब्येतीवर. हे वाक्य खटावच्या माळावर सांगितलं असतं तर कुणी चकित झालं नसतं.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये मालकच नाहीत, तालीम मंडळं आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, ही सगळी पेठेची लेकरं. तिथं बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले खेळाडूही आणतात, पण वर्गणी देणारा माणूस कार्यकर्त्याला चौकात गाठून विचारू शकतो की पैसे कुठं घातले. सांगलीच्या पोरांना याचा हेवा वाटतो. माझं मत विचाराल तर चौकात गाठता येणं हीच मालकाची पहिली परीक्षा, आणि बैलगाडीचा मालक, तो कितीही मोठा झाला तरी, अजून चौकात गाठता येतो. मैदानावर तो बैलाच्या शेजारी धुळीत उभा असतो. हरला की शिव्या तिथल्या तिथं मिळतात.

आता बंदीची वर्षं. ती वगळून मालकांचा हिशेब होणार नाही.

केंद्र सरकारनं जुलै २०११ मध्ये अधिसूचना काढून, ज्यांचे खेळ करायला बंदी आहे त्या अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या यादीत बैल बसवला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर शर्यतीही बंद केल्या. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये कायदा बदलला, तोही उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं कायदा उचलून धरला. मधली साडेसात वर्षं मैदानं चोरून झाली, पहाटे, आडरानात. ऑगस्ट २०२१ मध्ये आमदार गोपीचंद पडळकरांनी आटपाडी तालुक्यातल्या झरे इथं शर्यत जाहीर केली, तेव्हा पोलिसांनी धावपट्टीच खणून टाकली, आणि शर्यत दुसऱ्या माळावर भल्या पहाटे उरकली.

बंदी मागणारे सगळे बैलद्वेष्टे होते असं आमच्याकडं बोललं जातं. मी ते मानत नाही. शेपटी चावणं, पराणीला खिळा, बॅटरीचा झटका, हे प्रकार माझ्या डोळ्यांनी बघितले आहेत, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. आताच्या नियमांत चाबूक-काठी नाही, अंतर १,००० मीटरच्या आत, जनावरांच्या डॉक्टरची तपासणी, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी. नियम चांगले आहेत. ते सगळीकडं पाळले जातात असं छातीठोकपणे मी लिहिणार नाही.

पण मालकाची पारख त्या साडेसात वर्षांत झाली, हे मात्र जुने लोक एकमतानं सांगतात. मैदान नाही, गुलाल नाही, बैलाची किंमत कोसळलेली. अशा वेळी दावण कुणी राखली? त्यात भर म्हणजे २०१२-१३ चा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला. म्हसवडला माणदेशी फाउंडेशनच्या चारा छावणीत माणसं महिनोन् महिने जनावरांबरोबर राहिली. २०१९ मध्ये पुन्हा छावणी. शिवाय २०१५ च्या कायद्यानं गाईबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हणजे भाकड बैलाला बाजारात गिऱ्हाईकच उरलं नाही. टेंभू, ताकारी, म्हैसाळचं पाणी फिरलं तिथं ऊस, द्राक्षं, डाळिंबं आली, ट्रॅक्टर आला, नांगराचा बैल गेला. अशा सगळ्या बाजूंनी दाबलेल्या काळात खिल्लार गाय गाभण ठेवणं, तिला खोंड झाला तरी तो जगवणं, हा शुद्ध वेडेपणा होता. तो वेडेपणा केला माण-आटपाडी-जतच्या कोरडवाहू माणसांनी. आज लाखांनी फिरणारी बरीच जनावरं त्या वर्षांच्या गाईंची नातवंडं-पतवंडं आहेत. बंदी उठली त्या आठवड्यात जे मालक झाले, त्यांना ही गोष्ट कुणी सांगितलेली नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये लंपी आला, बाजार आणि शर्यती पुन्हा थांबल्या. त्या महिन्यांत लाखाचा बैल आणि दहा हजारांची गाय एकाच रोगानं गाठली. अंगावर गाठी उठलेल्या बैलाजवळ रात्र रात्र बसलेले मालक लोकांच्या लक्षात आहेत, आणि बैल डॉक्टर-गड्यावर सोडून फोनवर चौकशी करणारेही. टपरीवरची यादी तेव्हापासून पक्की झाली आहे. ती कुठं लिहिलेली नाही, पण एखाद्याचा बैल हरला की कुणासाठी लोक हळहळतात आणि कुणासाठी शिट्ट्या वाजवतात, त्यावरून ती वाचता येते.

म्हातारा बैल कुठं जातो, हा प्रश्न मी जिथं जिथं विचारला तिथं चर्चा जरा मंदावली. काही मालक मरेपर्यंत दावणीला ठेवतात. बैल गेला की अंत्यसंस्कार, दहाव्याला गावजेवण, फोटोला हार. असे फ्लेक्स मी पाहिले आहेत आणि त्यात ढोंग दिसलं नाही. काही बैल वळू म्हणून राहतात, लांबून गाई येतात, त्याचेही पैसे मिळतात. उरलेल्यांबद्दल लोक म्हणतात, "दिला कुणाला तरी." घेताना आकडा रीलवर आणि देताना 'कुणाला तरी'. पाच-सहा हंगामांत चार हात बदललेल्या बैलाचा शेवटचा मालक कोण, हे पहिल्या मालकाला ठाऊक नसतं.

मला विचाराल तर मालकाची किंमत त्यानं काय घेतलं यावर ठरू नये. त्याच्या दावणीला किती जनावरं पळत नाहीत, ते मोजावं. एका गोठ्यात मी मोजली. खटाव तालुक्यातलं वस्तीवरचं घर. पळणारे बैल दोन, अंगावर झूल, खुराकाला हुलगा, खारीक, दूध. त्यांच्या पलीकडं एक लंगडा बैल, दोन भाकड गाई, तीन लहान वासरं आणि एक आंधळी म्हातारी गाय. मालकाला विचारलं, हिला का ठेवलीय? तो म्हणाला, "आबांची हाय." आबा वारून सहा वर्षं झाली होती. या माणसानंही गेल्या साली एक तयार बैल चांगल्या पैशानं घेतला होता, म्हणजे टपरीवरच्या भाषेत तो पैसेवाल्यांतच मोडतो. पोरगं आणि आप्पा दोघंही ज्या दोन खुंट्यांना मालक बांधतात, त्यांच्या मध्येच खरी माणसं सापडतात.

निघताना त्यानं चहा दिला आणि नव्या बैलाची वंशावळ सांगायला सुरुवात केली. बाप कोण, तो कुठल्या गावचा, बापाचा बाप कुठल्या मैदानात गाजला, त्याला कुणी पळवला, कोणत्या साली त्याचा पैरा कुणाशी होता. तीन पिढ्या घडाघडा, मध्ये कुठं अडखळला नाही. बायको दारात उभी राहून ऐकत होती. ती हसत होती, तिला हे सगळं पाठ होतं. मी वहीत उतरवून घेतलं आणि विचारलं, "आणि आई?"

"गाय?" तो थांबला. बायकोकडं पाहिलं. मग म्हणाला, "गाय व्हय, इकडचीच. माणच्या बाजूची, कुणाची तरी."